अर्धी शाल, पुरी कांजी

मेलवीथी, तंजावूर
चित्तिरै महिन्याची अखेर, मे १९९७

वडीलधाऱ्या कृष्णवेणीअक्का यांच्या पायांशी रघुनाथाचा नमस्कार (पाय लोकरी मोज्यांत असतील तर मोज्यांशी, इथे मोजे हा शब्द नुसता लिहिला तरी घाम फुटतो).

गुडघा कसा आहे? कुन्नूरची थंडी त्याला मानवत नाही असे तुमच्या मागच्या कार्डात होते. इथे असता तर गुडघाच काय, अख्खे माणूस फुकटात शेकून निघाले असते. आम्ही सर्व खुशाल आहोत. खुशाल म्हणजे सकाळी दहापर्यंत. दहानंतर कत्तिरीचे, वर्षातले सगळ्यात कडक, ऊन उतरते, मग मी न्हाणीघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसतो आणि संध्याकाळच्या काफीपर्यंत कुणाशी बोलत नाही. तुम्ही तिथे सकाळ-संध्याकाळ शेगडीपाशी बसत असाल, हे मनात आणले की जरा गार वाटते.

हे पत्र मी मुद्दाम मराठी अक्षरांत लिहितो आहे. तुमच्या वडिलांनी थोरल्या लेकीला ही अक्षरे शिकवली आणि धाकटीच्या वेळी कंटाळा केला, हे त्यांचे आमच्यावर उपकारच झाले म्हणायचे. बोलण्यात विशालाक्षी मला कधी हार गेलेली नाही, पण हे अक्षर तिच्या दृष्टीने मुंग्यांची रांग आहे. आत्ता ती समोर बसून शेवग्याच्या शेंगा सोलते आहे आणि मी तुमच्या गुडघ्याबद्दल लिहितो आहे असे तिला वाटते. तेव्हा मोकळेपणाने लिहितो.

पत्राचे कारण एकच. तुमच्या त्या पोस्टकार्डाबद्दल माझी तक्रार आहे. ती नीट समजावी म्हणून पहिल्यापासून सांगतो. छत्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाला मधूनच सुरुवात करता येत नाही.

हरिणीचे लग्न झाले, जावईबापू विघ्नेश पंधरा दिवसांत अमेरिकेत मिनियापोलिसला परत गेले आणि हिचा व्हिसा यायचा राहिला, इथवर तुम्हाला ठाऊकच आहे. व्हिसा आला. मद्रासला जाऊन घेऊन आलो (मद्रासला आता चेन्नई म्हणायचे, मी भूगोल शिकवायचा थांबलो आणि लगेच यांनी नावे बदलली). पुढच्या वैकासी महिन्याची पौर्णिमा झाली की पोर निघणार. तर व्हिसा घेऊन घरी आलो त्या दिवशी विशालाक्षीने मला विचारले, त्या गावी थंडी किती असते. मी भूगोलाचा माणूस. विचारले की सांगितल्याशिवाय राहवत नाही. नकाशाचे पुस्तक काढले, समतापरेषा दाखवल्या आणि सांगितले की जानेवारीत शून्याच्या खाली दहा-बारा अंश, नदी गोठते, तळी गोठतात, माणसे तळ्यांवरून मोटारी चालवतात. वास्तविक पोर जूनमध्ये पोचणार, तेव्हा तिथे झाडांना पाने असतात, लोक अर्ध्या चड्डीत हिंडतात, हेही मी सांगणारच होतो. पण तोवर तुमची बहीण उठून आत गेली होती. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला लिहायला लावून तुम्हाला पत्र पाठवले आणि आठ-दहा दिवसांत तुमचे पार्सल आले. पांढरी लोकर, दोन सुया आणि नक्षीचा कागद. तिथून आमच्या घरात हिवाळा सुरू झाला.

विशालाक्षी विणते हे मला नवीन नाही. लग्नाआधी कुन्नूरला तुमच्याकडे दोन उन्हाळे राहून ती तुमच्याकडून विणायला शिकली, आणि तंजावुरात जिचा कुणालाही काडीचा उपयोग नाही अशी ही एकच विद्या घेऊन माझ्या घरी आली. माझ्याकडे तिने विणलेले तीन मफलर आहेत. एकदाही घातलेले नाहीत, पण आहेत. काफीच्या किटलीलाही तिने टोपरे विणले आहे (इथे काफी गरम ठेवायला ती नुसती खिडकीत ठेवली तरी पुरते). परंतु ही शाल जाळीची. म्हणजे तुमच्या शाळेतल्या त्या गोऱ्या सिस्टरनी तुम्हाला शिकवलेली, पाने-फुले आणि त्यांच्यामध्ये भोकेच भोके. मी सरळ मनाने विचारले की थंडी अडवायची तर भोके कशाला. अक्का, तुमच्या बहिणीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मला वर्गात जमली असती तर छडी लागली नसती.

मग विणकाम सुरू झाले. सकाळी स्वयंपाक आटोपला की ती डोक्यावर ओला पंचा ठेवून खिडकीशी बसायची आणि मांडीवर लोकर घ्यायची. पंखा बंद. पंखा लावला की धागा उडतो, सुया हलतात, मोजलेले चुकते. हातांना घाम आला की टाका सरकत नाही, म्हणून शेजारी तांदळाच्या पिठाची वाटी, पावडरीसारखी बोटांना लावायला. आल्यागेल्याला ही आमची पूजाच वाटायची. पलीकडच्या घरातल्या हिराबाई सकाळ-संध्याकाळ येऊन पाहून जात. त्या पंखा लावा म्हणायच्या, ही नको म्हणायची, आणि मी दोघींच्या मध्ये घाम पुसत बसायचो. कुणी विचारले की मी सांगायचो, आमच्या घरातून समतापरेषा गेली आहे, या खोलीत मिनियापोलिस आहे, त्या खोलीत तंजावूर. तुमच्या बहिणीला हे हसू येण्यासारखे वाटले नाही. हरिणीला वाटले.

आता त्या शालीचे रूप सांगतो. रागावू नका. सुईवर लोंबणारी ती वस्तू बाजार उठताना भाजीवालीच्या टोपलीत उरलेल्या कोथिंबिरीसारखी दिसायची. चुरगळलेली, आखडलेली, ना पान दिसायचे ना फूल. मी काही बोलत नसे (म्हणजे रोज बोलत नसे). पण एक दिवस विशालाक्षीनेच हरिणीला समोर उभी केली, सुईसकट ती वस्तू तिच्या पाठीवर धरली, आणि ती जेमतेम या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत गेली. बारशाला बाळाच्या गळ्यात लाळेरे बांधतात तेवढी. निम्म्याहून जास्त लोकर संपलेली. जायचे दिवस जवळ आलेले. हरिणी म्हणाली, अम्मा, मी डोक्याला बांधीन. विशालाक्षी हसली नाही. त्या रात्री तिने भात दोनदा वाढला आणि स्वतः ताक पिऊन झोपली, तेव्हा मला पहिल्यांदा कळले की हे प्रकरण लोकरीचे नाही.

मग तिने तुम्हाला विचारले आणि तुमचे ते कार्ड आले. वाचणारा मीच, कारण अक्षर मराठी. कार्डात तुम्ही लिहिले होते की घाबरू नये, जाळीचे काम सुईवर असेच आखडलेले दिसते, खरी मापे धुऊन ताणल्यावर कळतात. पुरे होण्याची वाट न पाहता आत्ताच एकदा ओले करून, टाचण्यांनी ताणून बसवून, वाळवून पाहावे. सुई काढण्याआधी सगळ्या टाक्यांतून रंगीत दोरा ओवून घ्यावा, म्हणजे एकही टाका पळणार नाही. मग पुन्हा सुईवर चढवून पुढे विणावे.

यावर आमच्या घरी दोन दिवस चर्चा चालली. तुम्हाला माहीत आहे, विशालाक्षी नैवेद्य दाखवल्याशिवाय कशाची चव पाहत नाही. मीठ-तिखट हाताच्या अंदाजाने घालते, वासावरून ठरवते, आणि जे असेल ते देवाआधी कुणाच्या जिभेला लागू देत नाही. (त्यामुळे इतक्या वर्षांत देवाने काय काय गोड मानून घेतले आहे ते देव जाणे आणि मी जाणे.) तेव्हा अर्धी वस्तू पुरी झाल्यासारखी पसरून पाहायची, ही कल्पनाच तिला पटेना. पुरे होण्याआधी पाहू नये, असे तिचे म्हणणे. मी म्हटले, अगं, घटक चाचणी असते, सहामाही असते, सगळे वार्षिक परीक्षेवर सोडले तर अर्धा वर्ग नापास. शेवटी हरिणीने सांगितले की अम्मा, शाल म्हणजे काही पायसम नव्हे, आणि ते तिने ऐकले. माझे ऐकत नाही, लेकीचे ऐकते. असो.

रविवार ठरला. रविवारी सकाळी विघ्नेशचा फोन येतो, कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर. बूथवाल्याला सांगून ठेवले आहे, तो बाकीच्यांना थांबवतो. माय-लेकी फोन घ्यायला निघाल्या. जाण्याआधी विशालाक्षीने लाल दोरा ओवला, सुई काढली, शाल माझ्या हातात दिली आणि बजावले की बादलीत गार पाण्यात बुडवून ठेवा, बाकी काही करू नका, मी आल्यावर बघते. हे शब्द मी ऐकले, नाही असे नाही. परंतु आपण दोघांनी मिळून विचार करू. वस्तू धाग्याची. ती ओली करायची, ताणायची, वाळवायची, आणि वाळल्यावर तिने ताणलेल्या आकारात राहायचे. आता तंजावुरात कुठल्याही घरी जाऊन विचारा की याला काय म्हणतात. शेंबडे पोरही सांगेल. कांजी म्हणतात. निवृत्त झाल्यापासून या घरात कांजी माझ्याकडे आहे. माझी नेसायची वेष्टी, हिच्या सुती साड्या, हरिणीच्या ओढण्या, सगळ्यांना कांजी मीच घालतो आणि अशी घालतो की वेष्टी कोपऱ्यात उभी केली तर उभी राहते. तुमच्या कार्डात कांजी घालावी असे नव्हते, कबूल. पण घालू नये असेही कुठे नव्हते. मी कार्ड पुन्हा पुन्हा वाचले. ती गोष्ट तुम्ही लिहायला विसरला असाल, किंवा इतकी साधी गोष्ट काय लिहायची म्हणून सोडली असेल, असे मी धरले.

सकाळच्या भाताची पेज होतीच. ती गाळली, थंड केली (गरम पेजेत लोकर बुडवण्याइतका मी मूर्ख नाही), शाल तीत बुडवली, चांगली चोळून मुरवली. पांढरी वस्तू म्हणून नीळही टाकणार होतो, बाटली रिकामी निघाली. मग वर मोट्टमाडीवर गेलो. पत्रात गच्ची लिहायला हवे, पण आपल्या घरात गच्ची म्हटलेले मी कधी ऐकले नाही. तिथे कोरै गवताची चटई अंथरली आणि शाल ताणून बसवू लागलो. टाचण्या माझ्याकडे डबाभर होत्या, पेपर तपासायच्या दिवसांतल्या, थोड्या गंजलेल्या, पण कामाच्या. मोट्टमाडी आमची आणि हिराबाईंची एकच. शेजारच्या चटईवर त्यांचे तळायचे वडाम वाळत होते. हिराबाई कावळे हाकायला आल्या, वाकून बराच वेळ पाहत राहिल्या, आणि मग विचारले की हे तांदळाचे की साबुदाण्याचे. मी सांगितले, शाल आहे. त्या म्हणाल्या, हो का, आणि चटईला वळसा घालून गेल्या. जाताना आपल्या वडामांवर जास्तीचे फडके टाकून गेल्या.

आपल्याकडचे ऊन तुम्ही विसरला असाल. माझी अर्धी काफी व्हायच्या आत शाल खडखडीत वाळली. तेवढ्या वेळात चिमण्या येऊन गेल्या. त्यांना तांदळाचा वास लागला असावा. मी हुसकल्या, पण एक भोक चिमण्यांनी पाडलेले आहे असा माझा दाट संशय आहे. विशालाक्षी म्हणते ते नक्षीतलेच. एवढ्या भोकांत कुठले कुणाचे हे तुम्हीच येऊन ठरवावे. (येऊन हा शब्द ओघात आला, त्याचा काही अर्थ घेऊ नये.)

माय-लेकी परत आल्या. विशालाक्षीने बादली पाहिली, रिकामी. माझ्याकडे पाहिले. मी वर बोट केले. ती जिना चढून गेली, मी मागोमाग, हरिणी माझ्या मागे. तिने खाली बसून शालीचा एक कोपरा उचलला आणि कोपऱ्याबरोबर चटई उचलली गेली. दुसरा कोपरा तिने बोटाने वाकवला, तर अप्पळम-पापड मोडावा तसा आवाज आला. हरिणी तोंडावर हात दाबून जिन्यातच बसली. मी म्हटले, बघ कशी ताठ बसली आहे. विशालाक्षी एक शब्द बोलली नाही. तुमची बहीण बोलली की मला उत्तर सुचते. ती गप्प बसली की मला माझी सगळी उत्तरे चुकीची वाटू लागतात. तिने एकेक टाचणी काढली, माझ्या डब्यात ठेवली, डबा माझ्या हातात दिला आणि शाल दोन्ही हातांवर आडवी घेऊन खाली गेली.

सारी दुपार ती न्हाणीघरात होती. रिठे भिजवून, पाणी बदलून बदलून, न पिळता, न चोळता तिने कांजी काढली. मी दाराशी जाऊन मदत करू का विचारले. ती म्हणाली, नको. हा तिचा दिवसभरातला पहिला शब्द, मला बरे वाटले. नशिबाने लाल दोरा घट्ट होता, एकही टाका सुटला नाही. त्याबद्दल मात्र तुमचे आभार. कार्डातली तेवढी सूचना उत्तम होती.

संध्याकाळी हरिणीच्या खोलीत, तिच्या पलंगावर स्वच्छ चादर घालून, आम्ही तिघे तीन बाजूंना गुडघे टेकून बसलो. विशालाक्षीने या वेळी नव्या टाचण्या मागवल्या. ती सांगेल तिथे आम्ही ओढायचे. आधी मधली रेघ, मग कडा, मग एकेक टोक. अक्का, मला या कामातले काही कळत नाही, पण जे झाले ते मी पाहिले. ओढता ओढता त्या चुरगळलेल्या कोथिंबिरीतून पाने निघू लागली. एक पान, त्याला लागून दुसरे, वर चढत जाणारी वेल, आणि सगळी भोके आपापल्या जागी. इतके दिवस ती बाई घामाने निथळत हे विणत होती आणि आम्हाला ते दिसत नव्हते. तिलाही दिसत नव्हते. ती नुसती मोजत होती, तुमच्या कागदावर भरवसा ठेवून. मला माझी लाज वाटली असे लिहिणार होतो, पण तुम्ही ते सगळ्यांना वाचून दाखवाल. तेव्हा फार सुंदर दिसत होते एवढेच लिहितो.

आणि मोठी निघाली. खूप मोठी. पलंगाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. तुमचे म्हणणे बरोबर होते, सुईवर होती ती तिची खरी लांबी नव्हतीच. वाळल्यावर हरिणीने ती लाल दोऱ्यासकट अंगावर घेतली, आरशासमोर उभी राहिली. गुडघ्यापर्यंत आली. एक कोपरा जरा ताठ होता, तिथली कांजी निघाली नाही. विशालाक्षी म्हणाली, पुन्हा धुते. हरिणी म्हणाली, नको, तो कोपरा अप्पांचा, राहू दे. मग आईकडे वळून म्हणाली,

"अम्मा, ही पुरी झाली आहे. आता बंद कर."

विशालाक्षी म्हणाली, "काठ राहिलाय."

अक्का, काठ राहिलेला नाही. तुमचा नक्षीचा कागद मी पाहिला आहे, नकाशे वाचण्यात माझे आयुष्य गेले. तुमचे कार्ड येऊन रविवार उजाडेपर्यंत कागदावर जे आहे ते सगळे विणून झाले होते. फक्त टाके बंद करायचे आहेत, अर्ध्या तासाचे काम. पण त्या दिवसापासून तिने टाके पुन्हा सुईवर चढवून ठेवले आहेत, रोज दुपारी ती मांडीवर घेऊन बसते आणि एकही टाका विणत नाही. पंखा आता चालू असतो. मी विचारले तर म्हणते, जाळीचे टाके बंद करायची रीत वेगळी असते, ती अक्कालाच येते, घाईत केले तर काठ आखडेल. माझे तीन मफलर कुणी बंद केले होते? किटलीचे टोपरे काय उघडे आहे? मी हे तिला बोलून दाखवले, थट्टेने, माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ तिथे नळ चालू होता.

तर अशी ही हकीकत. माझी तक्रार इतकीच की पुढच्या वेळी कार्डात कांजीबद्दल स्पष्ट लिहीत जावे. बाकी काही मागणे नाही. हरिणीचा तुम्हाला नमस्कार. ती बॅग भरते आहे, भरते आणि पुन्हा काढते. चिंच, सांबारपूड, हिराबाईंचे वडाम, आणि वर शालीसाठी राखलेली रिकामी जागा. गुडघ्याला जपावे, थंडीत बाहेर पडू नये.

आपला आज्ञाधारक,
रघुनाथ

ता. क. थंडीत बाहेर पडू नये असे वर लिहिले, पण कुन्नूरहून खाली उतरले की थंडी नसते, तेव्हा प्रवासाला हरकत नाही. डोंगरची छोटी गाडी मेट्टुपाळयमपर्यंत, पुढे कोइमतूरहून त्रिचीची गाडी, त्रिचीला मी स्वतः उभा असेन. टाके बंद करायला या. तुम्ही आलात तरच ती बंद करू देईल, नाहीतर ही पोर सुईसकट विमानात बसेल आणि विमानवाले सुया काढून घेतील. आणि नुसते टाके बंद करून जाऊ नका. आम्ही तिला मद्रासला सोडून परत येऊ तेव्हा घरात कुणीतरी असावे. माझे काही नाही. मला वर्तमानपत्र असते, टीव्हीवर क्रिकेट असते. पण विशालाक्षीकडे कुणीतरी पाहायला हवे. ती तोंडाने बोलणार नाही, म्हणून मी लिहितो. हे मी लिहिले असे तिला कळू देऊ नये.

दुसरा ता. क. (विशालाक्षी सांगते आहे, मी लिहितो आहे. गुडघ्याबद्दल एवढे पानभर काय लिहिले म्हणून तिने पत्र मोठ्याने वाचायला लावले. मी काही ओळी गाळल्या. तिला वाचता येत नाही, पण ओळी मोजता येतात.) अक्काला माझा नमस्कार. टाके बंद करायला मला येतात. (हे तिने सांगितले, मी आधीच लिहिले होते.) तू ये, पण माझ्यासाठी नको, यांच्यासाठी ये. कांजी चुकून पडली असे समजू नकोस. हे आठवडाभर हरिणीच्या बॅगेतले सगळे सुती कपडे काढून त्यांना कांजी घालत आहेत. ती रात्री बॅग भरते, हे सकाळी पुन्हा रिकामी करतात. (हे सर्व कपडे चुरगळलेले होते.) नव्या ओढण्या, जुन्या ओढण्या, जी न्यायची नाही तीही. तिथे मशीनमध्ये धुतले की एका धुण्यात कांजी जाते, हे विघ्नेशने फोनवर सांगितले, तरी घालतात. सगळे वर वाळत टाकतात आणि तिथेच बसून राहतात, काफीला हाक मारली तरी येत नाहीत, आणि खाली येतात तेव्हा डोळे लाल असतात. (लिहितो आहे.) शब्द गाळू नका, मी बोटांवर मोजते आहे. अक्का, पोर गेल्यावर हे मोट्टमाडीवर काय वाळत घालतील? मी विणीन तरी. येताना लोकर आण, कुठलीही चालेल.

तिसरा ता. क. वरील मजकुरात अतिशयोक्ती आहे. मोट्टमाडीवर ऊन फार असते आणि माझे डोळे पहिल्यापासून नाजूक. तरी या. तुमच्या साड्या सुती असतील तर न धुता आणाव्यात.